आर्वीचे बोलणे, खोडदचे ऐकणे

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांची ओळख इतिहासग्रंथांत शिवनेरी, नाणेघाट, लेण्याद्री आणि भीमाशंकर या नावांनी होते आणि बाजारपेठेत ती नारायणगावच्या टोमॅटोने व मंचरच्या कांदा-बटाट्याने होते. परंतु भारतातील बिनतारी संदेशवहनाचा आणि त्याच्या हातात हात घालून वाढलेल्या संगणनाचा इतिहास लिहायचा झाल्यास त्यातील दोन मोठी प्रकरणे याच प्रदेशात घडली, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. नारायणगावच्या परिसरातील आर्वी येथून १९७१ पासून भारत कृत्रिम उपग्रहामार्फत परदेशांशी बोलू लागला, आणि त्याच परिसरातील खोडद येथे १९९० च्या दशकात अशी दुर्बीण उभी राहिली की जिचे सारे काम ऐकण्याचे आहे. माध्यम एकच, रेडिओ लहरींचे. पण बोलणाऱ्याला जे हवे असते ते ऐकणाऱ्याला नकोसे असते. या प्रदेशात विद्यावाचस्पती पदवीसाठी, म्हणजे रूढ भाषेत पीएच.डी.साठी, जे संशोधन होत आले त्याचा बराचसा भाग या विरोधातूनच जन्मला.

सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे उतरणाऱ्या कुकडी, मीना आणि घोड या नद्यांनी या तालुक्यांची रचना ठरवली आहे. नद्यांच्या दरम्यान डोंगरांच्या सोंडा पसरलेल्या असून त्यांच्यामधील खोरी बशीसारखी खोलगट आहेत. खाली कठीण काळा पाषाण आहे, आणि घाटमाथ्यावर कोसळणारा पाऊस पूर्वेकडे सरकताना झपाट्याने कमी होतो. प्राचीन व्यापाऱ्यांना येथे कोकणातून देशावर येण्याची वाट सापडली, तर विसाव्या शतकातील अभियंत्यांना याच डोंगरांत एक आडोसा दिसला, कारण दूरच्या शहरांतून येणाऱ्या रेडिओ लहरी डोंगर अडवतो.

संगणनाचा विचार करताना नाणेघाटाला वगळणे योग्य होणार नाही, मात्र त्याचे महत्त्व नेमके कशात आहे ते सांगायला हवे. सातवाहन राणी नागनिका हिच्याशी जोडल्या जाणाऱ्या तेथील ब्राह्मी लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गायी, घोडे आणि कार्षापण नावाची नाणी यांच्या संख्या अंकचिन्हांनी कोरलेल्या असून, भारतातील अंकलेखनाच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्यांची गणना होते. या पद्धतीत शून्य नाही आणि स्थानमूल्यही नाही. शंभराचे स्वतंत्र चिन्ह आहे व त्यालाच चाराचे चिन्ह जोडले की चारशे होतात. दानाचा हिशेब दगडावर राहावा एवढ्याच गरजेतून ही चिन्हे येथे आली. त्यांचा धागा थेट आजच्या संगणकापर्यंत ओढण्याचा मोह अनेक व्याख्यानांत दिसतो, परंतु त्याला आधार नाही. घाटातील अंक आणि खोडदचे संगणक एकाच तालुक्यात आहेत, यापलीकडे त्यांच्यात नाते नाही.

बिनतारी संदेशवहनाचा पुणे जिल्ह्याशी असलेला संबंध मात्र खरोखर सलग आहे. ब्रिटिश साम्राज्यातील देश लघुलहरींनी जोडण्याच्या योजनेतील भारत-इंग्लंड दुवा २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाला तो खडकी आणि दौंड येथील केंद्रांमधून. लघुलहरी म्हणजे साधारण दहा ते शंभर मीटर लांबीच्या रेडिओ लहरी. पृथ्वीच्या वातावरणात सुमारे शंभर किलोमीटरपासून वर विद्युत्भारित कणांचा जो थर असतो, ज्याला आयनांबर म्हणतात, त्यावरून या लहरी परावर्तित होतात आणि त्यामुळे क्षितिजापलीकडे हजारो किलोमीटर पोहोचतात. मात्र हा थर दिवस-रात्र आणि सूर्याच्या लहरीनुसार बदलत असल्यामुळे अशा दुव्यावरचा संदेश कधी खणखणीत येई, कधी खरखरीत बुडून जाई. नेमक्या याच खरखरीचा शोध घेण्याचे काम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने कार्ल जान्स्की या तरुण अभियंत्याकडे सोपवले होते, आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीस त्याला असे आढळले की विजांच्या कडकडाटाखेरीज उरणारी एक मंद खरखर आकाशगंगेच्या मध्याकडून येते. एका दूरध्वनी कंपनीच्या अडचणीतून रेडिओ खगोलशास्त्राचा उदय झाला, आणि आकाशातून येणाऱ्या रेडिओ ऊर्जेचे एकक आजही जान्स्कीच्या नावानेच ओळखले जाते. ते एवढे सूक्ष्म आहे की वॅट, चौरस मीटर आणि हर्ट्झ यांच्या हिशेबात मांडताना दशांशचिन्हानंतर पंचवीस शून्ये लिहावी लागतात व त्यानंतर एक येतो.

लघुलहरींच्या या बेभरवशाच्या काळाला भारतापुरता पूर्णविराम आर्वीने दिला. (वर्धा जिल्ह्यातील आर्वी हे तालुक्याचे गाव वेगळे.) विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीच्या गतीनेच फिरत असल्यामुळे जमिनीवरून तो स्थिर भासतो, आणि त्याच्याकडे पाठवलेला संदेश तो दुसऱ्या खंडाकडे परत फेकतो, हे तत्त्व १९६०च्या दशकात व्यवहारात आले होते. मात्र त्या वेळचे उपग्रह अल्प शक्तीचे होते. त्यांचा क्षीण संदेश टिपण्यासाठी जमिनीवर प्रचंड तबकडी उभारावी लागे, आणि आर्वीची तबकडी म्हणूनच सुमारे तीस मीटर व्यासाची होती. अहमदाबाद येथे १९६७ मध्ये उभारलेल्या प्रायोगिक भूकेंद्रात भारतीय अभियंत्यांनी या विद्येचा सराव केला होता. त्या अनुभवाच्या बळावर पहिले व्यापारी भूकेंद्र भारतीयांनीच उभारावे, असा आग्रह विक्रम साराभाई यांनी धरला. ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस या सरकारी खात्याचे हे केंद्र १९७१ मध्ये सुरू झाले आणि हिंदी महासागरावरील इंटेलसॅट उपग्रहाशी जोडले गेले. डिसेंबर १९७१ मध्ये साराभाई यांचे अकस्मात निधन झाले. केंद्राला त्यांच्या स्मरणार्थ विक्रम हे नाव मिळाले, आणि १९७२ मध्ये टपाल खात्याने त्यावर तिकीटही काढले. परदेशी दूरध्वनी, टेलेक्स आणि क्वचित दूरचित्रवाणीचे चित्र जुन्नर तालुक्यातील एका गावावरून ये-जा करू लागले, तेही अशा काळात जेव्हा त्या गावाभोवतीच्या बहुतेक वाड्या-वस्त्यांवर साधा दूरध्वनी नव्हता. पुढे १९८६ मध्ये हे खाते विदेश संचार निगम झाले, समुद्रतळाच्या प्रकाशतंतूंनी उपग्रहांकडून दूरध्वनीचा मोठा भार काढून घेतला, आणि आर्वीचे पूर्वीचे महत्त्व ओसरले.

खोडदची कहाणी याहून लांबची असून तिची पहिली पावले जुन्नरपासून फार दूर पडली. उत्तर प्रदेशातील ठाकुरद्वारा येथे १९२९ मध्ये जन्मलेले गोविंद स्वरूप १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्र शिकण्यास गेले. सिडनीजवळील पॉट्स हिल येथे सूर्याच्या निरीक्षणासाठी वापरलेल्या सहा फुटी ३२ तबकड्या निकामी ठरून मोडीत निघणार होत्या. त्या भारताला मिळवून देण्याची खटपट त्यांनी केली, आणि त्याच तबकड्यांतून १९६५ मध्ये कल्याण येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची पहिली रेडिओ दुर्बीण उभी राहिली. दरम्यान स्वरूप यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉन ब्रेसवेल यांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केली. त्या काळात त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९६१ मध्ये एक पद्धत प्रसिद्ध केली. दूरदूरच्या अँटेनांकडून मध्यवर्ती केंद्राकडे संदेश आणणाऱ्या तारेची लांबी उन्हाने, थंडीने किंचित बदलते व त्यामुळे संदेशांचा मेळ बिघडतो. केंद्रातून एक संदेश अँटेनाकडे पाठवून तो परत आल्यावर त्याची कला, म्हणजे लहरीच्या चढउतारातील नेमके स्थान, मोजली की ही चूक काढून टाकता येते. एका विद्यार्थ्याच्या हातून निघालेली ही युक्ती पुढे जगातील अनेक रेडिओ दुर्बिणींत रूढ झाली. तिचा विषय खगोलशास्त्र होता की संदेशवहन, हे ठरवणे कठीण आहे, आणि खोडदचे पुढील सारे संशोधन याच सीमारेषेवर चालले.

होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९६३ मध्ये परतलेल्या स्वरूप यांनी कल्याणनंतर उटी येथे ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद अशी दुर्बीण १९७० मध्ये पूर्ण केली. अकरा अंशांच्या अक्षांशावर तेवढ्याच उताराची टेकडी शोधल्यामुळे तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला, आणि एकाच अक्षाभोवती फिरवून ताऱ्यांचा पाठलाग करता येऊ लागला. गुंतागुंतीची यंत्रणा एका डोंगराने वाचवली. त्यानंतर केनियात विषुववृत्तावर दोन किलोमीटर लांबीची दुर्बीण बांधण्याचा बेत आखला गेला, पण तो आंतरराष्ट्रीय घडामोडींत बारगळला. बारगळला हे बरेच झाले असे म्हणावे लागते, कारण त्यानंतर १९८०च्या दशकात जी कल्पना पुढे आली ती कितीतरी अधिक धाडसी होती.

ही कल्पना म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, सर्वांच्या तोंडी असलेल्या नावाने जीएमआरटी. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभाराव्यात, त्यांतील चौदा खोडदजवळच्या सुमारे एक किलोमीटरच्या चौकोनात विखुराव्यात आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर मांडाव्यात, असा आराखडा होता. टोकाच्या दोन अँटेनांमधील अंतर पंचवीस किलोमीटरपर्यंत जाते. एवढ्या मोठ्या तबकड्या धातूच्या सलग पत्र्याने बनवल्या असत्या तर त्यांचे वजन आणि वाऱ्याचा त्यांच्यावरील दाब दोन्ही परवडले नसते. त्यावरचा तोडगा अस्सल देशी होता: पोलादी दोरांच्या चौकटीवर स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी ताणून बसवायची. लहरी मीटरभर लांबीच्या असतील तर जाळीची सेंटीमीटरभर छिद्रे त्यांना दिसतच नाहीत, जाळी त्यांना आरशासारखीच भासते, आणि वारा मात्र आरपार निघून जातो. टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्सच्या साहाय्याने हा आराखडा प्रत्यक्षात आला.

जागेच्या निवडीमागील कारणे या प्रदेशाच्या भूगोलाचा वेगळाच अर्थ लावणारी आहेत. एकोणीस अंश अक्षांशावरून दक्षिणेचे आकाशही बरेचसे दिसते. चुंबकीय विषुववृत्तापासून हे ठिकाण पुरेसे उत्तरेस असल्यामुळे आयनांबर तुलनेने शांत असते. बर्फ नाही, वारे बेताचे, पाया पाषाणाचा. पुणे-मुंबईतील संस्था आणि कारखाने हाकेच्या अंतरावर, आणि तरीही डोंगरांमुळे त्या शहरांचा रेडिओ कोलाहल अडलेला. ज्या आयनांबराच्या आधारावर १९२७ मध्ये खडकीचा संदेश इंग्लंडला पोहोचला, तेच आयनांबर खोडदला अडथळा होते व त्याच्या चंचलपणाचा हिशेब करून तो वजा करणे हा येथील संशोधनाचा कायमचा विषय झाला.

तीस तबकड्या एकत्र ऐकतात म्हणजे नेमके काय होते, हे समजल्याशिवाय येथील संगणनाचे स्थान कळत नाही. आकाशातील एखाद्या बिंदूकडून येणारी लहर प्रत्येक अँटेनाशी किंचित वेगवेगळ्या क्षणी पोहोचते. पंचवीस किलोमीटरच्या अंतराला प्रकाशाला जास्तीत जास्त सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे हा फरक सतत बदलतो. प्रत्येक दोन अँटेनांचे संदेश हा उशीर भरून काढून परस्परांशी गुणले की त्या जोडीला दिसणारा आकाशाचा एक तपशील हाती येतो. तीस अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. पृथ्वीच्या भ्रमणामुळे तासातासाला प्रत्येक जोडीची दिशा बदलते, आणि दहा-बारा तासांत गोळा झालेले तपशील गणिताने जोडले की पंचवीस किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीने काढल्यासारखे चित्र तयार होते. मार्टिन राइल यांना १९७४ चे नोबेल पारितोषिक मिळवून देणाऱ्या या पद्धतीत तबकडी केवळ कान असतो; चित्र दिसते ते संगणकात. येथे येणारा प्रत्येक संशोधक विद्यार्थी म्हणूनच आधी अँटेनांच्या नावांशी परिचित होतो. मध्यवर्ती अँटेना सी-०० पासून सी-१४ पर्यंत मोजल्या जातात, पण त्यांत सी-०७ नाही, पूर्वेच्या भुजेवर पहिला क्रमांक नाही आणि दक्षिणेच्या भुजेवर पाचवा नाही. नकाशा न पाहता आकडेवारी वाचणाऱ्याची हमखास फसगत होते.

या गुणाकाराच्या यंत्राला सहसंबंधक म्हणतात, आणि खोडदच्या सहसंबंधकाचा तीस वर्षांचा प्रवास हा भारतातील उपयोजित संगणनाचाच एक छेद आहे. पहिले यंत्र पूर्णपणे हार्डवेअरचे होते: अमेरिकेतील राष्ट्रीय रेडिओ खगोल वेधशाळेच्या प्रकल्पासाठी घडवलेल्या खास चिपा त्यात बसवल्या होत्या आणि आधी संदेशाचे वारंवारतांमध्ये विभाजन, मग गुणाकार, हा क्रम तारांत व सोल्डरिंगमध्येच पक्का केलेला होता. अँटेनांपासून मध्यवर्ती इमारतीपर्यंत संदेश प्रकाशतंतूंतून येत, आणि दूरसंचार क्षेत्रातही हे तंतू नवे होते त्या काळात दुर्बिणीसाठी त्यांचा असा वापर धाडसाचाच होता. २००० च्या दशकात दिशा बदलली. बाजारात मिळणाऱ्या संगणकांचा समूह जोडून तेच काम सॉफ्टवेअरने, प्रत्यक्ष निरीक्षण चालू असतानाच, करता येईल हे जयंत रॉय, यशवंत गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. २०१० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. आज्ञावली बदलली की यंत्र बदलते, ही सोय संशोधक विद्यार्थ्यांच्या दृष्टीने क्रांतिकारक ठरली, कारण तोपर्यंत नवी कल्पना तपासायची तर नवे सर्किट बनवावे लागे.

सुमारे २०१३ ते २०१९ या काळात दुर्बिणीचे नूतनीकरण झाले आणि एका वेळी ऐकता येणारा वारंवारतांचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत गेला. या वाढीचा अर्थ आकड्यांतच नीट कळतो. कोणत्याही संदेशाचे अंकांत रूपांतर करताना त्याच्या पट्ट्याच्या दुप्पट वेगाने नमुने घ्यावे लागतात. म्हणजे प्रत्येक अँटेनाच्या दोन ध्रुवणांपैकी प्रत्येकासाठी सेकंदाला ८० कोटी नमुने, आणि प्रत्येक नमुना एका बाइटचा धरला तरी साठ प्रवाहांतून सेकंदाला ४८ अब्ज बाइट. एवढा ओघ साठवणे अशक्य असल्याने तो वाहत असतानाच गाळावा लागतो. त्यासाठी पहिल्या टप्प्यावर गरजेप्रमाणे अंतर्गत रचना बदलता येणाऱ्या चिपा आणि दुसऱ्या टप्प्यावर मुळात संगणकीय खेळांच्या चित्रांसाठी विकसित झालेले ग्राफिक्स प्रोसेसर वापरले जातात. २६ सप्टेंबर २०२४ रोजी देशाला अर्पण झालेल्या तीन परम रुद्र महासंगणकांपैकी एक या दुर्बिणीसाठी आहे. क्षणार्धात चमकून नाहीसे होणारे रेडिओ स्फोट शोधणे हे त्याचे मुख्य काम. पुण्यातच १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणन संस्थेची परम मालिका अशा रीतीने जुन्नरच्या अँटेनांशी जोडली गेली.

या सर्व कामाला पदवीची चौकट पुरवते ते टाटा संस्थेचे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र. विद्यापीठाच्या आवारातील हे केंद्र आणि शेजारची आयुका ही खगोलशास्त्र संस्था मिळून संशोधक विद्यार्थ्यांचे आरंभीचे अध्यापन एकत्र करतात, आणि टाटा संस्थेला २००२ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाल्यापासून ती स्वतःच पदवी देऊ शकते. तरीही एक जुना भेदभाव येथेही पूर्णपणे पुसलेला नाही. भारतीय विद्याजगतात शोध लावणाऱ्याला डॉक्टर म्हणतात आणि शोधासाठी लागणारे यंत्र घडवणाऱ्याला अभियंता. पहिल्याचे नाव शोधनिबंधावर अग्रभागी येते, दुसऱ्याचे आभारप्रदर्शनात. खोडदच्या इतिहासाकडे पाहता ही विभागणी टिकत नाही. २०२० मध्ये नेचर नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका निबंधाचे पहिले लेखक, तेव्हा या केंद्रात पीएच.डी. करणारे आदित्य चौधरी, यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सुमारे आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांमधील अणुरूप हायड्रोजनचे मापन केले. यांतील एकाही दीर्घिकेचा संदेश स्वतंत्रपणे ऐकू येण्याजोगा नव्हता; तो हजारो दीर्घिकांसाठी एकत्र रचून सरासरीने बाहेर काढावा लागला, आणि हे शक्य झाले ते नव्या सहसंबंधकाचा विस्तृत पट्टा हाताशी होता म्हणूनच. त्याच वर्षी विद्युत व इलेक्ट्रॉनिक अभियंत्यांच्या आयट्रिपलई या जागतिक संघटनेने जीएमआरटीला तंत्रज्ञानाच्या इतिहासातील मैलाचा दगड म्हणून मान्यता दिली. हा मान खगोलशास्त्रज्ञांच्या नव्हे, अभियंत्यांच्या दरबारातून आला, हे सूचक आहे.

येथील सर्वांत चिवट संशोधन मात्र आकाशाबद्दल नाही, शेजाऱ्यांबद्दल आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या पाच धरणांच्या कुकडी प्रकल्पाने दोन्ही तालुक्यांत बारमाही पाणी आणले (आंबेगाव हे मूळ गाव डिंभ्याच्या जलाशयात बुडाले, तालुक्याला नाव उरले); पाण्यामागून ऊस आला, द्राक्षे आली, कृषिपंप आले आणि पंपांसाठी विजेच्या तारा शेताशेतांत पोहोचल्या. तारेवरच्या सैल जोडात किंवा तडकलेल्या चिनी मातीच्या इन्सुलेटरवर जी ठिणगी उडते, ती क्षणभर सर्व वारंवारतांवर एकदमच ओरडते. त्यानंतर मोबाइलचे मनोरे आले. १४२० मेगाहर्ट्झभोवतीचा हायड्रोजनचा पट्टा आंतरराष्ट्रीय नियमाने राखीव आहे, परंतु दूरच्या दीर्घिकांचा हायड्रोजन विश्वाच्या प्रसरणामुळे खालच्या वारंवारतांना सरकतो आणि तेथे बहुतेक ठिकाणी आरक्षण नाही. २०२२ च्या लिलावात मोबाइल कंपन्यांसाठी विकला गेलेला ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा दुर्बिणीच्या ५५० ते ८५० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मध्यभागीच बसतो.

या कोलाहलावरचा एक उपाय सोपा असूनही मार्मिक आहे. ठिणगीची वेळ ओळखायची तर संदेशाची नेहमीची पातळी आधी माहीत हवी; पण सरासरी घेतली तर ठिणगीच सरासरी वाढवते, जसे गावातील एका धनिकामुळे सरासरी उत्पन्न फुगते. म्हणून सरासरीऐवजी मध्यक घेतात, म्हणजे सर्व नमुने चढत्या क्रमाने लावून बरोबर मधला नमुना, आणि त्यापासून प्रत्येक नमुना किती दूर आहे याचाही मध्यक काढतात. त्याच्या ठरावीक पटीपलीकडे गेलेला नमुना गाळला जातो. सेकंदाला ८० कोटी नमुन्यांच्या ओघात, एकही न थांबवता, क्रम लावणे हीच खरी अडचण, आणि तिच्यावर मात करणाऱ्या रचना येथील अभियंत्यांनी चिपेवर उतरवल्या. गाळणीने सर्व प्रश्न सुटत नाहीत. पुणे-नाशिक निम-अतिवेगवान (सेमी हायस्पीड) रेल्वेमार्गाची आखणी नारायणगाव परिसरातून जात असल्याने दुर्बिणीला धोका असल्याचे पुढे आले, आणि केंद्र सरकारला त्या मार्गाचा फेरविचार करावा लागला. रेल्वेची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हा निर्णय पटला नसेल तर नवल नाही: आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनसाठी त्याच्या टोमॅटोने बाजारात उशिरा का पोहोचावे, या प्रश्नाला सोपे उत्तर नाही.

ज्या उसामुळे पंप आले त्याच उसात बिबटे राहू लागले, आणि त्यातून बिनतारी संदेशवहनाचा तिसरा वापर या प्रदेशात सुरू झाला. जुन्नर वनविभागात, ज्यात आंबेगावही येते, २००० नंतरच्या काही वर्षांत बिबट्यांचे माणसांवरील हल्ले वाढले. पकडलेल्या बिबट्यांना दूरच्या जंगलात सोडल्यानेच संघर्ष वाढतो, असे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या संशोधनातून पुढे आले. बिबट्याच्या त्वचेखाली तांदळाएवढी चिप बसवून त्याची ओळख नोंदवणे आणि गळ्यात उपग्रहावरून स्वतःचे स्थान ओळखणारा पट्टा घालणे, ही या अभ्यासाची साधने होती. पट्टा आपली स्थाने मोबाइलच्या जाळ्यातून कळवत असे. २००९ मध्ये पारनेर तालुक्यातील विहिरीतून काढून माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या अशा पट्ट्यासह सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. पुढे डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर मरण पावलेला बिबट्या तोच, हे त्याच्या चिपेवरून कळले. खोडदच्या विद्यार्थ्याला जो मोबाइलचा मनोरा अडथळा वाटतो, तोच बिबट्याच्या अभ्यासकाला कान देतो.

आर्वीच्या जातीचे काम, म्हणजे माणसाने अवकाशात पाठवलेल्या यंत्राचा संदेश टिपणे, एकदा मात्र खोडदच्या वाट्याला आले. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपीय अवकाश संस्थेचे शियापरेली हे यान मंगळाच्या वातावरणात शिरत असताना त्याचा क्षीण संदेश थेट पृथ्वीवर ऐकण्याचे काम, नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या सहकार्याने, जीएमआरटीने स्वीकारले. हा संदेश मुळात मंगळाभोवती फिरणाऱ्या यानासाठी पाठवलेला, सुमारे ४०० मेगाहर्ट्झचा. तेथून पृथ्वीपर्यंतचे अंतर साडेसतरा कोटी किलोमीटरच्या घरातील, आणि ते कापण्यास लहरीला जवळजवळ दहा मिनिटे लागत होती. यान वेगाने खाली येत असल्यामुळे संदेशाची वारंवारता सतत सरकत होती, आणि खोडदच्या पडद्यावर ती एका वाकत जाणाऱ्या बारीक रेषेच्या रूपात उमटली. वातावरणात शिरण्याचा आणि हवाई छत्री उघडण्याचा टप्पा त्या रेषेत ओळखता आला. यान जमिनीला टेकण्याच्या अपेक्षित क्षणाआधी, मिनिटाहून कमी वेळ उरलेला असताना, रेषा तुटली. यान कोसळले होते, आणि त्याचा शेवटचा आवाज थेट पृथ्वीवर ऐकणारे कान जुन्नर तालुक्यात होते.